पूर्वेकडच्या गॅलरीचं माहेर

नॉर्वेतल्या हेस्टवोगच्या फुटबॉल मैदानातली पूर्वेकडची गॅलरी ओल्डरनेस गावाहून जुनी विकत आणलेली आहे, आणि ओल्डरनेसने गोल केला की ती अजूनही टाळ्या वाजवते.

गॅलरी लाकडी आहे. जुन्या सिनेमा थिएटरात असत तशा, माणूस उठला की पाट मिटणाऱ्या आठशे खुर्च्या तिला आहेत. ओल्डरनेसचा गोल झाला की हे आठशे पाट एकदम वर उचलले जातात आणि खाली आपटतात. त्यावर कुणी बसलेलं असलं तर ते आपोआप उभं राहतं. त्यामुळे हेस्टवोगचे निष्ठावंत प्रेक्षक, गळ्यात हेस्टवोगचे मफलर घालून, शत्रूच्या गोलाला उभे राहून मानवंदना देताना दूरदर्शनवर दिसले. एकदा नाही, तीन हंगाम दिसले.

सामना हेस्टवोगमध्येच असावा लागतो असंही नाही. ओल्डरनेस दूर दक्षिणेत कुठे खेळत असलं तरी गॅलरीला कळतं, आणि रेडिओच्या आधी कळतं. गॅलरीच्या खाली नगरपालिकेने दोन खोल्या बांधल्या आहेत. एका खोलीत बालवाडी भरते, दुसरीत दातांचा दवाखाना आहे. ओल्डरनेसचा सामना असेल त्या दिवशी डॉक्टर दाढ काढत नाहीत. बालवाडीतली मुलं मात्र दणदणाट झाला की "एक शून्य" म्हणतात आणि पुन्हा झोपतात.

गोल नसतात तेव्हाही ती स्वस्थ नसते. दिवसभर करकरते. बोल्ट सैल होतात. ओल्डरनेस उत्तरेला आहे, म्हणून ती उत्तरेकडे कलते, आणि दर वसंतात तिला दोर लावून सरळ करावं लागतं.

अशा वेळी काय करायचं हे नॉर्वेत ठरलेलं आहे. बाहेरून आलेलं कुणी गावात रुळत नसेल तर त्याला नगरपालिकेच्या वर्गात घालतात. तो वर्ग मी घेते. मी सुलक्षणा सरनोबत, मूळची कोल्हापूरची. नवऱ्याच्या जहाजबांधणीच्या नोकरीमुळे इथे आले, आधी त्याच वर्गात विद्यार्थिनी होते आणि आता शिक्षिका आहे.

नवागत विभागाची प्रमुख ओडबियर्ग एका सोमवारी माझ्या टेबलाशी आली. इथे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, तेव्हा तीही तसंच बोलली.

"सुलक्षणा, तुला एक नवी विद्यार्थिनी आहे."

"कुठली?"

"ओल्डरनेसची."

"ओल्डरनेस नॉर्वेतच आहे. तिला मी काय शिकवू? भाषा तर येतच असेल."

"भाषा येते," ओडबियर्ग म्हणाली. "रुळणं येत नाही. तिला वर्गात आणता येणार नाही, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी तू मैदानावर जायचंस. गरम कपडे घाल."

"पण मीच का?"

"कारण तू इथली सगळ्यात चांगली रुळलेली आहेस."

हे वाक्य ओडबियर्ग चार लोकांत नेहमी म्हणते. मला ते मुळीच आवडत नाही. मी रुळले असते तर दर अर्ध्या तासाला खुर्चीतून उठून खिडकीपाशी कशाला गेले असते? पण नोकरी म्हणजे नोकरी. मी मायक्रोफोन घेतला आणि गेले.

अभ्यासक्रम नगरपालिकेनेच तयार करून दिला होता: मैदानाचा इतिहास आणि मैदानातल्या सोयी. सून नव्या घरात आली की तिला आधी घर दाखवतात, त्यातलाच हा प्रकार. मी कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभी राहून रिकाम्या गॅलरीला वाचून दाखवायला लागले.

या जागी पूर्वी हेरिंग मासे खारवण्याचं अंगण होतं. अंगणात दोन शेड होत्या आणि दोन्हींतले कामगार एकमेकांचं तोंड पाहत नसत. शेवटी पाद्रीबुवांनी वैतागून त्यांना एक चेंडू आणून दिला आणि "मारायचं तर यालाच मारा" म्हणून सांगितलं. पहिले गोलखांब एका फुटलेल्या जहाजाच्या डोलकाठीचे होते. मैदानाच्या दोन बाजूंना समुद्र असल्याने चेंडू सारखा पाण्यात जाई, म्हणून पहिल्या वर्षापासून क्लबने एक होडी ठेवली. ती होडी आजही आहे. सामना चालू असताना होडीत एक माणूस वल्हं धरून बसतो, आणि चेंडू पाण्यात गेला की तो आणेपर्यंत खेळ थांबतो. दुसरा चेंडू घ्यायची पद्धत हेस्टवोगमध्ये नाही. ज्या चेंडूने सुरू केलं त्याच चेंडूने संपवायचं.

मैदानाला आता कृत्रिम गवत आहे. गवताखाली गरम पाण्याचे नळ आहेत आणि ते पाणी शेजारच्या मासळीच्या कारखान्यातून येतं, त्यामुळे बर्फ साचत नाही. फार थंडी पडली की गवताला कॉड माशाच्या कालवणाचा वास सुटतो आणि प्रेक्षकांना भूक लागते. म्हणून वॅफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, विकणारी खिडकी गोलच्या मागेच आहे. दिव्यांचे चार खांब आहेत. सूर्य उगवत नाही त्या महिन्यांत सामना नसला तरी दिवे लावतात. माणसं येऊन नुसती त्याखाली उभी राहतात, थोडं बोलतात आणि घरी जातात.

गॅलरी ऐकत असे. प्रश्न विचारला आणि उत्तर बरोबर असेल तर एक पाट वाजवायचा, असं आम्ही ठरवलं होतं.

"डोलकाठी कुठल्या लाकडाची होती? देवदार?"

शांतता.

"पाइन?"

खट्.

हुशार होती. माझ्या वर्गात इतकी हुशार विद्यार्थिनी मला मिळालेली नाही. पण धड्यात ओल्डरनेसचं नाव आलं की आठशे पाट वाजायचे, आणि आम्ही दोघी पुन्हा होतो तिथेच यायचो.

मार्चमधल्या एका गुरुवारी मी सांडपाण्याच्या व्यवस्थेवर वाचत असताना कोटाच्या खिशात फोन थरथरला आणि बंद झाला. मी वाचायची थांबले. गॅलरीही करकरायची थांबली.

"काही नाही," मी म्हणाले. "आईचा मिसकॉल आहे."

गॅलरी ऐकते आहे हे मला आता कळत असे, म्हणून मी सांगून टाकलं. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येक तालमीचा संघ. माझं माहेर मंगळवार पेठेतलं आणि सासर शिवाजी पेठेतलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सामन्यात मी सासरच्या माणसांत बसले होते आणि माहेरच्या तालमीने गोल केल्यावर ताडकन उभी राहून ओरडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. महिनाभर माझ्या चहात साखर मात्र पडली नाही. आता मी इतकी लांब असते, तर आमच्या तालमीने गोल केला की आई मला मिसकॉल देते. मी फोन उचलायचा नसतो, नुसतं कळायचं असतं.

हे सगळं मी मराठीत सांगितलं, कारण ते मला नॉर्वेजियनमध्ये सांगता येत नाही. संपल्यावर एक पाट वाजला. खट्. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी सांडपाण्याचा धडा अर्धाच राहिला.

मे महिन्यात क्लबचा अध्यक्ष टुरगेर मैदानावर आला. उंच, पडेल खांद्यांचा, चांगला माणूस. पण या गॅलरीपायी लोकांनी त्याला फार छळलं होतं.

"नोव्हेंबरमध्ये शेवटचा सामना ओल्डरनेसशी आहे," तो म्हणाला. "इथेच. त्या दिवशी जर ही त्यांच्यासाठी उभी राहिली, तर सोमवारी करवत लावणार. सभेत ठराव झाला आहे."

"ती शिकते आहे, टुरगेर."

"शिकते आहे म्हणून नोव्हेंबरपर्यंत थांबतो आहोत. लोकांनी तर शेगडीसाठी तिची लाकडं सांगूनसुद्धा ठेवली आहेत."

तो हे गॅलरीसमोरच बोलला. मला त्याचा इतका राग आला की मी मायक्रोफोन बंद करायचा विसरले आणि माझं मराठी सबंध बंदरावर ऐकू गेलं. सुदैवाने ते कुणाला समजलं नाही. गॅलरी त्यानंतर दिवसभर थरथरत होती. दाताच्या डॉक्टरांनी सगळे रुग्ण परत पाठवले.

त्या आठवड्यात मला झोप लागेना की जेवण जाईना. रविवारी आईला फोन केला आणि तिला सगळं सांगितलं. माझी आई पंचाहत्तरीची आहे. तिला कसलंच आश्चर्य वाटत नाही.

"किती वर्सं झाली तिला सासरी येऊन?" आईने विचारलं.

"चौथं चालू आहे."

"आन् या चार वर्सांत एकदा तरी म्हायेरी धाडलासा का तिला?"

"आई, ती गॅलरी आहे गं. लाकडाची आहे."

"आसंना का लाकडाची! चार वर्सं झाली, पोरीला म्हायेर न्हाई, कोण न्ह्यायला येत न्हाई, आन् वर परीक्षा घेतायसा व्हय तिची? करकरंल न्हाई तर काय करंल? धाडा की चार दिस. चार दिस म्हायेरचं खाल्लं की गप येतीया."

मी दुसऱ्या दिवशी ओडबियर्गकडे गेले. तिने नियम काढून पाहिले आणि म्हणाली, "माहेर असं काही नाही. पण अभ्यास सहल आहे. विद्यार्थ्याला अभ्यास सहलीला नेता येतं."

"मग नेऊ या."

"तू सोबत जाशील. शिक्षिकेने विद्यार्थ्याला एकटं सोडायचं नाही."

आठशे खुर्च्यांची गॅलरी सहलीला कशी न्यायची हा प्रश्न कुणालाच पडला नाही. इथे गावकीच्या श्रमदानाला डुगनाड म्हणतात. दारावर चिठ्ठी लागते, आणि ज्याच्या दारावर लागते तो पाना घेऊन येतो. नाही म्हणायची सोय नाही. ज्यांनी तिची लाकडं सांगून ठेवली होती, तेही आले आणि बोल्ट सोडवायला बसले. टुरगेरच्या बायकोने वॅफल केले. गॅलरी तराफ्यावर चढवली, मी तिच्या एका खुर्चीवर बसले आणि आम्ही उत्तरेला निघालो. वाटेत ती एकदाही करकरली नाही.

ओल्डरनेसचे लोक धक्क्यावर आले होते. गुन्वोर नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने येऊन गॅलरीच्या पहिल्या रांगेवरून हात फिरवला. "इथे आमचा म्हातारा बसायचा," ती म्हणाली. तिने थर्मासमधली कॉफी मला दिली आणि थोडी खुर्चीपाशी ठेवली.

आम्ही गॅलरी तिच्या जुन्या जागी उभी केली. जागा होती, तेवढं ओल्डरनेसने राखलं होतं. पण तिच्या आणि मैदानाच्या मधे आता नवी गॅलरी उभी होती. काँक्रीटची, रंगीत खुर्च्यांची, बूड गरम ठेवणाऱ्या तारा असलेली. जुनी जागा गाड्या चार्ज करायच्या कामी येत होती. त्यामुळे आमच्या गॅलरीला मैदान दिसेना. तिला नवीची पाठ दिसत होती, आणि पाठीवर एका बँकेची जाहिरात.

सामना सुरू झाला. आम्ही दोघींनी तो नुसता ऐकला. ओल्डरनेसने गोल केला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या, नेहमीसारख्या, आठशे. नव्या गॅलरीच्या वरच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली. एकाने ओठावर बोट ठेवलं. रागाने नाही, सवयीने.

सामना संपल्यावर ओल्डरनेसचा सचिव माझ्याकडे आला. फार सभ्य माणूस. "फार छान वाटलं भेटून," तो म्हणाला. "कधी नेणार? सोमवारी गाड्या येतील."

मी "उद्या" म्हणाले. मला तिथे ढसाढसा रडावंसं वाटलं. कोल्हापूरला माझ्या खोलीत भावाने झेरॉक्सचं दुकान काढलं आहे. गेल्या खेपेला गेले तेव्हा तोही असाच प्रेमाने म्हणाला होता, "तायडे, तिकीट कधीचं हाय?" हे मी परतीच्या वाटेवर गॅलरीला सांगितलं. पाट वाजला नाही. वाजवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

हेस्टवोगला परत बसवल्यावर ती अगदी शांत झाली. उत्तरेकडे कलेना, बोल्ट सैल होईनात. ओल्डरनेसचे सामने होऊन जात आणि बालवाडीतल्या मुलांना ते कळतही नसे. डॉक्टर सामन्याच्या दिवशी दाढा काढायला लागले. ओडबियर्गने माझं अभिनंदन केलं. टुरगेरने भर बाजारात माझा हात हातात घेतला.

मला ते शांत होणं बघवेना. धडा वाचत असे, प्रश्न विचारत असे, पण पाट वाजत नसे. "डोलकाठी पाइनची होती ना?" यालासुद्धा नाही. मी आणखी मोठ्याने वाचू लागले. मग धडा बंदच केला आणि मंगळवार-गुरुवार तिच्यासमोर येरझाऱ्या घालत मराठीत बोलू लागले. आमची पेठ, आमची तालीम, आमचा गोलकीपर जो दिवसा रसवंती चालवतो, पिवळ्या पट्ट्यांचं जर्सीचं कापड कुठून आणतात, सामना जिंकल्यावर मिरवणूक कुठल्या बोळातून वळते. अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. पण दोन ठिकाणी मन ठेवलं आणि दोन्हीकडून उठवलं गेलं तर माणूस बसतो कुठे? तिला बसायला काहीतरी हवं होतं. माझ्याकडे जे होतं ते मी दिलं.

नोव्हेंबर आला. सामन्याच्या दिवशी वारा सुटला होता, दिवे दुपारीच लावले होते आणि गवताला कालवणाचा वास होता. गॅलरी भरली. पाहुण्यांच्या कोपऱ्यात गुन्वोरही येऊन बसली होती. मैदानाबाहेर एका ट्रकमध्ये करवती होत्या. त्यावर ताडपत्री टाकली होती, टुरगेरला तेवढी लाज होती. मी पहिल्या रांगेत बसले. एका बाजूला ओडबियर्ग, दुसऱ्या बाजूला टुरगेर.

पहिल्या अर्ध्यात ओल्डरनेसने गोल केला.

आठशे माणसांनी दोन्ही हातांनी आपापली खुर्ची धरून ठेवली होती. एकही पाट हलला नाही. मग लोक हसायला लागले, एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. गोल खाल्ल्यावर हेस्टवोग इतकं खूश झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"पास," ओडबियर्ग पुटपुटली.

"सामना संपू दे," टुरगेर म्हणाला.

थोड्या वेळाने हेस्टवोगने गोल फेडला. लोक उठले, पण स्वतःच्या पायांवर. खुर्च्या निर्जीव होत्या. मी हात खाली घालून माझा पाट चाचपला. थंडगार लाकूड. मला वाटलं, करवत लावायची आता गरजच उरली नाही, आणि त्या विचाराने माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या अर्ध्यात चेंडू वाऱ्याने उचलला आणि समुद्रात गेला. खेळ थांबला. होडीवाल्याने वल्हं उचललं. बावीस खेळाडू काठाशी येऊन, कमरेवर हात ठेवून, लाटांवर दूर जाणाऱ्या चेंडूकडे बघत उभे राहिले. मैदानावर काहीही चाललेलं नव्हतं.

आणि गॅलरी उठली.

आठशे पाट एकदम वर उचलले गेले, आठशे माणसं ताडकन उभी राहिली, आणि मग कडकडाट सुरू झाला. थांबेचना. अशा टाळ्या तिने ओल्डरनेसलाही कधी वाजवल्या नव्हत्या. बालवाडीचं दार उघडलं. पाहुण्यांच्या कोपऱ्यात गुन्वोरही उठून उभी राहिली आणि कशासाठी ते न विचारता टाळ्या वाजवू लागली. मीही उभी होते आणि रडत होते आणि ओरडत होते.

टुरगेर कागदासारखा पांढरा झाला. "कुणासाठी?" त्याने विचारलं. "ओडबियर्ग, हे कुणासाठी?"

ओडबियर्गने समुद्राकडे पाहिलं. चेंडू पाण्यात होता. ना तो हेस्टवोगकडे होता, ना ओल्डरनेसकडे. तिने बराच विचार केला.

"ओल्डरनेससाठी नाही," ती म्हणाली. "ठराव ओल्डरनेसपुरता आहे."

टुरगेरने मान हलवली. तो माणूस मनातून सुटल्यासारखा दिसला. त्याने फाटकाकडे हात केला, आणि ट्रक निघून गेला.

तेव्हा माझ्या खिशात फोन थरथरला. तिकडे कोल्हापुरात संध्याकाळ झाली असणार. आमच्या तालमीचा हंगामातला पहिला सामना होता. हा मिसकॉल होता, उचलायचा नव्हता, पण मी उचलला.

"अगं, उचललास का?" आई म्हणाली. "आपल्या पोरांनी गोल घातला. आन् तुझ्याकडं ते दणदण काय वाजतंय गं?"

"गॅलरी आहे. तिला कळलं."

"कळणारच की," आई म्हणाली. "पर आता बसा म्हणावं, आजून अर्धा खेळ हाय."

मी मराठीतच तसं सांगितलं. गॅलरी बसली.